घरी सांगायचंय की मी ट्रान्स पुरुष आहे. आधी कोणाला, कसं, आणि तयारी काय?

बोरीकाठ (प्रश्न)

अमळनेर तालुका. वय २५, कागदावर मुलगी. घरात आई, बाबा, मोठा भाऊ, वहिनी आणि आजी. नोकरी जळगावला, खोली भाड्याची, शनिवार-रविवार घरी. स्थळं यायला लागली आहेत आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) एकाला तरी हो म्हण, असा घरचा धोशा आहे. म्हणून सांगणं आता पुढे ढकलता येत नाही.

मी ट्रान्स पुरुष आहे हे माझ्यापुरतं पक्कं आहे, त्यावर चर्चा नको. आधी कोणाला सांगायचं, शब्द कोणते वापरायचे, तयारी काय लागते आणि घरचे कायद्याने काय करू शकतात, एवढं हवंय. आई अहिराणीच बोलते. बाबा तापट आहेत, पण हात कधी उचललेला नाही. 'धीर धर, सगळं नीट होईल' हे कृपया नको.

तापीथडी

भाऊ, सांगणं वेगळं आणि मागणं वेगळं. बहुतेकांचं फिसकटतं ते इथेच. ओळख, नवं नाव, हार्मोन, ऑपरेशन, 'मला मुलगा म्हणा', लग्न करणार नाही, असं सगळं एकाच बैठकीत ओतलं जातं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं फक्त 'ऑपरेशन' उरतं आणि पुढचे सहा महिने घरात त्यावरच वाद चालतो. पहिल्या बोलण्यात एकच मागणी ठेव: स्थळं बघणं थांबवा. नाव, कपडे, उपचार आज ना उद्या होतील. स्थळाचं तसं नाही. तिकडे पलीकडच्या घराला शब्द जातो, आणि दिलेला शब्द फिरवायचा म्हटलं की बाबांच्या दृष्टीने तो अब्रूचा प्रश्न होतो.

त्याआधीची तयारी. दीड-दोन महिने हाताशी धर.

मूळ कागदपत्रं जळगावला आण: दहावी-बारावी-पदवीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, आणि असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता. वैधता सगळ्यात आधी. बाकीच्यांच्या दुय्यम प्रती शाळा, बोर्ड, विद्यापीठाकडून काढता येतात. वैधतेचं प्रकरण परत उभं करायची वेळ आली तर वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे लागतात, आणि नेमके तेच लोक तेव्हा रुसलेले असतात. सगळी फाइल एकदम उचलू नकोस. 'ऑफिसात पडताळणी आहे' म्हणून दोन-दोन कागद न्यायचे. डिजिलॉकरमध्ये प्रती असूच दे, पण मूळ प्रतीची सर त्याला नाही.

मग मोबाइल. सिम कोणाच्या नावावर आहे ते बघ. भावाच्या नावावर असेल तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन डुप्लिकेट काढू शकतो, आणि ओटीपी, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळं त्याच्या हातात जातं. स्वतःच्या नावाचं सिम घे आणि तोच नंबर आधारला आणि बँकेला जोड. कॉलेजात असताना काढलेल्या खात्याला बहुतेक वेळा बाबांचा नंबर असतो. पैसे काढले की मेसेज त्यांना. असं खातं तसंच राहू दे आणि पगारासाठी दुसऱ्या बँकेत नवं काढ. तीन महिन्यांचं भाडं, मेस आणि प्रवास भागेल एवढी रक्कम तिथे बाजूला हवी. खोलीची दुसरी किल्ली घरच्यांकडे असेल तर कडी-कुलूप बदल. एक-दोन जण असे ठरवून ठेव की ज्यांच्याकडे रात्री बारा वाजताही जाता येईल. ते गावातले नकोत आणि नात्यातले तर नकोतच.

आता आधी कोणाला. सगळ्यात लाडक्या माणसाला नाही. जो गुपित पोटात ठेवतो आणि ज्याचा शब्द घरात चालतो, त्याला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात क्वचित असतात. त्या नसतील तर गुपित ठेवणारा निवड, वजनदार माणूस दुसरा. वहिनीला पहिलं सांगायचा मोह होतो, कारण ती वयाने जवळची. पण उद्या 'तुला ठाऊक होतं आणि तू बोलली नाहीस' हे बोट तिच्याकडेच वळतं. परघरून आलेल्या बाईच्या डोक्यावर ते ओझं नको.

चाचणी घेता येते. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगावजवळच्या भादलीतून अंजली पाटील या ट्रान्स स्त्री निवडून आल्या. स्त्री राखीव जागेवरचा त्यांचा अर्ज आधी बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठाने तो घ्यायला लावला. २०२४ च्या विधानसभेला शमिभा पाटील या ट्रान्स स्त्रीला वंचितने रावेरमधून उमेदवारी दिली. यातलं एक जेवताना सहज काढ आणि गप्प बसून ऐक. पहिला टवाळ शेरा सगळेच मारतात, तो सोडून दे. शेऱ्यानंतर कोण विचारतं, 'मग त्यांच्या घरच्यांनी काय केलं?' तोच तुझा माणूस.

खिडकी_क्र_३

एकच सांगतो भो, फॅमिली ग्रुपवर टाकू नको. आणि व्हॉइस नोट तर अजिबात नाही, ती सुरतच्या मामापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात.

समुपदेशक_नंदुरबार

तापीथडींनी तयारीचं बरोबर सांगितलं आहे. मी वेळ आणि शब्दांचं बोलतो.

आखाजीला सांगू नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, पितरांची घागर भरायची असते, घरात पंधरा माणसं. श्रावणात कानबाईच्या रोटांनाही नको, तेव्हा तर सगळी भाऊबंदकी एका ताटाला. लग्नघर नको, कापूस वेचणीचे दिवस नकोत, भरीत पार्टीला मळ्यात तर नकोच. साधा शनिवार घ्या, दुपारी जेवणं झाल्यावर, आजी आडवी झालेली असताना. शनिवार अशासाठी की रविवार हातात राहतो. सांगून लगेच शेवटची एसटी पकडली तर आईला वाटतं बॉम्ब टाकून पळाला. आणि सोमवारी कामावर जायचंच असतं, त्यामुळे कोणीही अपमान न होता वेगळं होतं.

बोलणं वीस मिनिटांचं ठेवा. चार गोष्टी, याच क्रमाने: मी काय आहे, हे किती दिवसांपासून आहे, यात तुमची चूक नाही, आणि मला तुमच्याकडून काय हवं. तिसरी लोक विसरतात, आणि आईचं मन तिथेच अडकतं. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, लहानपणी भावाचे कपडे घातले, असलं काहीबाही ती रात्रभर उगाळते. म्हणून ते तिच्याच बोलीत सांगा: 'तुनं काई चुकनं नही, माय.' पुस्तकी मराठी आईशी वापरू नका, तिला ती सरकारी नोटीस वाटते. 'माय, मी तुना आंडोर (मुलगा) शे' एवढ्या चार-पाच शब्दांत जे पोचतं ते 'लिंगओळख' म्हणून पोचत नाही.

'ट्रान्स' हा शब्द पहिल्या वाक्यात नको, पण लपवूही नका. तो ऐकला की घरच्यांच्या डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्यातल्या टाळ्या येतात, आणि बाबा फटकन विचारतात, 'म्हणजे तू त्यांच्यात जाणार का?' उत्तर सरळ द्या: 'नाही, मी नोकरी करतो आणि करत राहणार.' 'मी त्यांच्यासारखा नाही' असं म्हणू नका. एक तर ते हलकं बोलणं आहे, दुसरं म्हणजे घरच्यांच्या तिरस्काराला तुम्हीच दुजोरा देता, आणि उद्या तो तुमच्यावरच उलटतो.

पुढचे प्रश्न ठरलेले आहेत. 'मोबाइलमुळे डोक्यात भरलं.' यावर वाद घालू नका. मोबाइल हातात यायच्या आधीची घरच्यांना आठवत असलेली एक खूण सांगा आणि थांबा. 'लग्न झालं की ठीक होईल.' उत्तर: 'होणार नाही, आणि दुसऱ्या घरच्या मुलाचंही वाटोळं होईल.' हा मुद्दा बाबांना लगेच कळतो, कारण व्यवहारात फसवणूक त्यांना चालत नाही. 'डॉक्टरला दाखवू.' हो म्हणा, पण डॉक्टर तुम्ही आधी बोलून ठरवलेले हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत हे मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं आहे. आणि 'बदलून देतो' म्हणत उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तसं कोणी म्हणालं की उठून यायचं.

बाबांचा आवाज चढला तर एक वाक्य तयार ठेवा: 'आज एवढंच, उद्या सकाळी बोलू.' मग खरंच उठा. रागाला उत्तर देत बसलं की बोलण्याचा विषय तुमची ओळख न राहता तुमचा उद्धटपणा होतो.

पारोळा_नाका

वीस मिनिटं वगैरे ठीक, पण तापट बापासमोर बोलणं धड होत नाही. चिठ्ठी बरी. लिहिलेल्याला मध्येच तोडता येत नाही.

समुपदेशक_नंदुरबार

बाबांसाठी चिठ्ठी चालेल, दोन अटींवर. एक पान, हाताने लिहिलेलं, आणि त्यांच्या हातात देऊन तुम्ही त्याच घरात थांबायचं. उशीखाली ठेवून जळगाव गाठलं तर ती आधी भाऊ वाचतो. वाचून झाल्यावर ती परत मागून घ्या. चिठ्ठीचा फोटो निघाला की ती तुमची राहत नाही. आईसाठी मात्र चिठ्ठी नको. ती वाचून घ्यायला कोणाकडे तरी जाईल आणि वाचणारा कोण असेल ते आपल्या हातात नाही.

आणि ज्याला सांगाल त्याला शेवटी स्पष्ट सांगा की हे फक्त तुला, पुढे कोणाला कधी ते मी ठरवेन. 'कुणाला सांगू नको' एवढं पुरत नाही. आईच्या हिशेबात मावशी म्हणजे 'कुणी' नसतेच. नाव घेऊन सांगा: मावशीला नाही, मामाला नाही. पण तिचं मन मोकळं करायलाही कोणीतरी लागतंच. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. 'स्वीकार' हा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. बाबांना तुमच्यापेक्षा दुसऱ्या बापाचं बोलणं लवकर पटेल.

वकील_धुळे

कायद्याचं. तुम्ही सज्ञान आहात, कुठे राहायचं आणि कोणाशी लग्न करायचं नाही हे तुम्ही ठरवता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात लिंगओळख ही व्यक्तीने स्वतः ठरवायची गोष्ट मानली. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि कलम १८ प्रमाणे ट्रान्स असल्यामुळे घरातून वा गावातून हाकलणं आणि शारीरिक, शाब्दिक, मानसिक किंवा आर्थिक छळ करणं हा गुन्हा आहे. खोलीत कोंडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. भगताकडे नेऊन भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, धूर दिला, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. हे सगळं माहीत असू द्या, पण पहिल्या बैठकीत कलमं काढू नका. कलम काढलं की घरचा माणूस प्रतिवादी होतो.

प्रत्यक्षात जे घडतं ते वेगळं असतं. पोरगी घरातून गेली की घरचे पोलिसात 'हरवल्याची' तक्रार देतात. मग फोन येतो, हजर राहा. घाबरायचं कारण नाही, पण तयारी हवी. घर सोडायची वेळ आलीच तर त्याच दिवशी तालुक्याच्या पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवा: मी सज्ञान आहे, स्वखुशीने वेगळा राहतो आहे, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये. सोबत आधारची प्रत. स्पीड पोस्टची पावती आणि ईमेलची प्रत जपा. जबाबाला एकटं जाऊ नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००. प्रकरण हेबियस कॉर्पसपर्यंत (माणसाला कोर्टात हजर करा, अशा अर्जापर्यंत) गेलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दाखवायच्या: व्यक्तीशी एकट्याने बोलावं, आणि ओळख बदलावी म्हणून तिचं समुपदेशन करू नये, असं त्यात सांगितलं आहे.

जबरदस्तीने लग्न लावलंच तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून घेता येतं, पण अर्ज जबरदस्ती संपल्यापासून एक वर्षाच्या आत. 'बघू पुढे' म्हणत मुदत घालवू नका.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. दोन शंका. भावाला सांगितलं तर तो जमिनीचं काढेल असं वाटतंय. आणि सांगायच्या आधीच घरी कळलं तर?

वकील_धुळे

जमिनीचं गणित वाटतं तसं नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती, आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनिता शर्मा निकाल. म्हणजे कागदावर तुम्ही मुलगी राहिलात काय आणि मुलगा झालात काय, वाटा तोच. भावाचा हिशेब वेगळा आहे: बहिणी लग्नानंतर हक्कसोड लिहून देतात, ती आता मिळणार नाही. त्याची कुरबुर तिथून येते, पण तोंडाने तो 'लोके काय म्हनतीन' एवढंच म्हणेल. पहिल्या बोलण्यात जमीन तुम्ही काढू नका. त्याने काढलीच तर 'वाटा आजही तेवढाच आहे, नंतरही तेवढाच' यापलीकडे शब्द नको. आणि 'शांतता राहावी म्हणून' कोणत्याही कागदावर सही नको. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मोडायला दिवाणी कोर्टात वर्षं जातात.

ट्रान्सजेंडर ओळखपत्राच्या अर्जावर आईबाबांची सही लागत नाही. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर स्वतःच्या मोबाइलवरून भरा, गावातल्या सेतू केंद्रात नको, तिथला ऑपरेटर भावाचा मित्र निघतो. पत्ता जळगावच्या खोलीचा घाला. नियम आणि नमुने बदलत असतात, भरायच्या दिवशी पोर्टलवर आहेत तेच वाचा.

तापीथडी

आधीच कळण्याच्या वाटा चार. इन्स्टाचं दुसरं खातं: फोनमधले नंबर जोडले असले की ते चुलत भावाला 'ओळखीचे लोक' म्हणून दिसतं, तेव्हा कॉन्टॅक्ट जोडणी बंद कर. कुरिअर: गावच्या पत्त्यावर पार्सल आलं की ते आजी फोडते. औषधाची चिठ्ठी. आणि बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा), तो वाळत घातलेला. गच्चीच्या दोरीवर आईला न ओळखू येणारा असा एकच कपडा असतो. शनिवारी घरी जाताना तो नेऊच नको, स्पोर्ट्स ब्रा आणि ढगळ शर्ट चालतो. नेलाच तर आतल्या खोलीत टॉवेलखाली वाळव. आठ तासांच्या वर घालायचा नाही, झोपताना नाही, आणि क्रेप बँडेज गुंडाळून तर कधीच नाही, ते श्वासागणिक आवळत जातं आणि बरगड्या दुखावतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा आठ तासही जास्तच. घामाने कातडी सोलवटते आणि ती जखम लपवताना दुसरंच काही उघडं पडतं.

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) लपून सुरू करू नकोस. काही महिन्यांत आवाज फुटतो आणि तो मागे फिरत नाही. मग सांगायची वेळ तू न ठरवता तुझा घसा ठरवतो. जिममध्ये मिळणारं इंजेक्शन तर नकोच. हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर आणि नियमित रक्ततपासणी लागते, कारण रक्त दाट होऊ शकतं.

तरी कळलंच, तर नाकारू नकोस. 'मैत्रिणीचं आहे' म्हटलं की नंतर खरं सांगताना आधीचं खोटं निस्तरावं लागतं. 'हो, बोलायचंच होतं. शनिवारी येतो तेव्हा सविस्तर' इतकं पुरे.

समुपदेशक_नंदुरबार

नंतरच्या दिवसांचं राहिलं. पहिले दोन-तीन दिवस आई रडेल, बाबा जेवणाच्या ताटावरही बोलणार नाहीत. त्यावरून निकाल काढू नका, आणि त्या दिवसांत नवीन काही सांगूही नका. दर बुधवारी रात्री फोन, असा एक वार बांधून घ्या. फोनवर पाऊस, केळी, आजीचा गुडघा, काहीही बोला. विषय त्यांनी काढला तरच काढायचा. स्थळ बघणं खरंच थांबलं का, एवढंच तपासा.

बोलण्याचा बदल सगळ्यात शेवटी येतो. आईला अहिराणी सोपी पडेल: 'तू जास, तू करस' यात बाई-पुरुष कळतच नाही, फक्त 'उनी'चं (आली) 'उना' (आला) करायचं. बाबांना आणि भावाला 'आली-गेली' बदलायला वेळ लागतो. सुरुवातीला नावाऐवजी घरातलं 'बाळा', 'राजा' चालवून घ्या. चूक झाली तर एकदा शांतपणे दुरुस्त करा, पाहुण्यांसमोर नाही. आजीला कधी सांगायचं ते आईला ठरवू द्या. तिच्या हातात एक तरी गोष्ट राहिली की ती तुमच्या बाजूने विचार करायला लागते.

'मग तुझं लग्न कधीच नाही का?' हा प्रश्न आई महिन्याभराने विचारेल. त्याचं उत्तर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे की ट्रान्स पुरुष आणि स्त्री प्रचलित विवाह कायद्याखाली लग्न करू शकतात. पण ते तिने विचारल्यावर.

मात्र या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका: फोन काढून घेतला, नोकरीवर जाऊ देत नाहीत, किंवा अचानक 'चार दिवस सुरतला मामाकडे जाऊन ये' आणि सोबत दोन काका. मित्राशी एक साधं वाक्य आधी ठरवून ठेवा, 'भरीत पाठव' असं काहीही. ते आलं की त्याने ११२ ला फोन करून तुमचा गावचा पत्ता द्यायचा. आणि रोज रात्री दहाला हजेरीचा मेसेज. तो सकाळी आठपर्यंत आला नाही, तरी तेच करायचं.